दाराकडे पाठ

आमच्या अंगणवाडीला एकच दार होतं. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीचं, दोन फळ्यांचं, पावसाळ्यात फुगून फरशीला घासणारं. उघडताना खांदा लावून ते थोडं उचलावं लागे, आणि मग ते असं काही करकरे की आतल्या पंचवीस-तीस माना एकदम वळत. जूनमध्ये तर माना वळायचीही गरज नसे. नवी मुलं दाराकडे तोंड करूनच बसलेली असत. मी त्यांना गोल बसवायचे; पाच मिनिटांत गोलाचा अर्धगोल होई आणि त्याचं तोंड दाराकडे. भिंतीवरचा हत्ती, फळ्यावरचा सूर्य, माझ्या हातातली कापडी बाहुली, सगळं त्यांच्या पाठीमागे.

जुन्नर तालुक्यातल्या एका लहान गावात मी सत्तावीस वर्षं बाई होते. कागदावर 'अंगणवाडी सेविका', गावाच्या तोंडी 'बालवाडीच्या बाई'. माझ्याजवळ रजिस्टरं पुष्कळ होती. हजेरीचं, वजनाचं, लसींचं, सुकडीच्या पोत्यांचं. कुठलं मूल कोणत्या दिवशी रमलं याचा रकाना त्यांतल्या एकातही नव्हता. तो हिशेब मी मनाशी ठेवायचे. त्याची खूण मला फार उशिरा सापडली, पण सापडल्यावर कधी चुकली नाही. मूल ज्या दिवशी दाराकडे पाठ करून बसलं, त्या दिवशी ते शाळेत आलं. त्याआधीचे सगळे दिवस त्याला नुसतं आणून सोडलेलं असायचं.

आणून सोडण्याचीही गावाची एक रीत होती. आई दारापर्यंत यायची, लेकराला कडेवरून उतरवायची आणि एकदम आभाळाकडे बोट दाखवायची, 'तो बघ काऊ!' लेकराने वर पाहून मान खाली आणेपर्यंत आई वळणापलीकडे गेलेली. कुणी 'खाऊ घिऊन आले हां' म्हणून जायची. एक आई तर आपल्या चपला दारात ठेवून अनवाणी जायची. चपला दिसताहेत तोवर आई आहे, असा तिच्या लेकीचा हिशेब. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. टोमॅटोच्या तोडणीला जाणारी गाडी फाट्यावर हॉर्न वाजवत उभी असायची. ती चुकली की दिवसाचा रोज बुडाला. रडणाऱ्या पोराची समजूत घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या बायांना कुणी दिलेलाच नव्हता.

पण एकदा फसलेलं मूल दुसऱ्या दिवशी काऊ बघत नाही. कुणी वर बोट दाखवलं की ते आईचा पदर आणखी घट्ट धरतं. शाळेतल्या पहिल्या आठवड्यात ते एवढा एकच धडा शिकलेलं असतं.

हा धडा माझाही पाठ होता. मी सहा वर्षांची असताना आजीने मला शाळेत नेलं. हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, 'हितंच हाय मी, पिंपळाखाली.' गुरुजींनी आतून कडी लावली. खिडकीतून आजीचं हिरवं लुगडं दिसत होतं. मी एकदा पाटीकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे पाहिलं, तेवढ्यात नुसता पिंपळ उरला. त्या वर्षी काय काय शिकवलं ते मला आठवत नाही. पिंपळ मात्र अजून पानापानाने आठवतो, कारण मी वर्षभर तोच वाचत होते.

म्हणून नोकरीच्या दोन-तीन वर्षांनी मी आयांसाठी एक नियम केला. जाताना पळायचं नाही. लेकराच्या समोर बसायचं, 'मी आता जाते' असं तोंडाने म्हणायचं, कधी येणार ते सांगायचं आणि मग जायचं. पहिल्या वर्षी आया माझ्यावर वैतागल्या. रडणं दुप्पट झालं होतं. 'बाई, गुमान गेलं तर निदान कानावर तरी येत न्हाई वं,' एकजण म्हणाली. तिचं खरं होतं. लपून गेलं की रडणं आईला ऐकू येत नाही, एवढाच त्या रीतीचा फायदा.

आता 'कधी येणार' हे तीन वर्षांच्या मुलाला सांगायचं कसं? 'दुपारी' या शब्दात त्याच्यासाठी काहीच नसतं. त्याच्याकडे दोनच काळ असतात. घडून गेलेलं सगळं 'काल', व्हायचं असलेलं सगळं 'उद्या'. गेल्या दिवाळीत झालेलं रेडकू त्याच्या बोलण्यात 'काल' झालेलं असतं. मी खडूने दाराच्या आतल्या बाजूला पाच चित्रं काढली. टाळी, चेंडू, वाटी, भोपळा आणि आई. आधी गाणी, मग खेळ, मग खाऊ, मग भोपळ्यातल्या म्हातारीची किंवा दुसरी कुठली तरी गोष्ट, आणि गोष्ट संपली की आई. रडणारं मूल मी दाराजवळ न्यायचे आणि त्याचं बोट धरून चित्रांवरून फिरवायचे. 'आता आपण इथं आहोत. आई इथं.'

हे घड्याळ मुलांनी किती मनावर घेतलं होतं ते एकदा कळलं. पाऊस फार होता, सुकडीचं पोतं भिजलं होतं आणि मदतनीस मावशी दुसरं आणायला गेल्या होत्या. मुलांना गुंतवायचं म्हणून मी गोष्ट आधीच सांगून टाकली. गोष्ट संपली. सकाळचे दहा वाजले होते. सगळी मुलं उठली, आपापल्या चपला पायात अडकवल्या आणि दारात ओळीने उभी राहिली. आई आलीच पाहिजे होती, भोपळा झाला होता ना! काहींनी ओठ काढायला सुरुवात केली. मी कान धरून कबूल केलं की बाईंनी चूक केली, वाटी खायची राहिली, आणि वाटी खाल्ल्यावर दुसरा भोपळा. तेव्हा कुठे ती परत बसली. वेळ शिकवण्याचा माझ्याकडे दुसरा पाठ नव्हता, आणि याहून चांगला असेल असंही मला वाटत नाही. एकामागून एक ठरलेलं येतं, यावर विश्वास बसणं हीच त्या वयातली वेळेची समज.

तान्हेपणी आई पदराआड तोंड लपवून 'कुक्' करते तेव्हा हीच शाळा सुरू झालेली असते. दिसेनासं झालेलं परत दिसतं, हे बाळ तिथे शिकतं आणि खिदळतं. अंगणवाडीत पदर चार तासांचा होतो, म्हणून रडतं.

रडणाऱ्यांची मला पुढे काळजी वाटेनाशी झाली. काळजी कुणाची करायची, हे मला एका मुलाने शिकवलं.

तो माळावरच्या वस्तीतून यायचा. साडेतीन वर्षांचा, काळ्या करगोट्याचा, मोठ्या डोळ्यांचा. तीन दिवस रडला आणि चौथ्या दिवशी थांबला. भिंतीला टेकून बसायचा, सांगितलं की उठायचा, वाटी दिली की खायचा. 'काय गुणाचं पोर आहे!' मी मावशींना म्हटलं. पर्यवेक्षिका आल्या तेव्हाही त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं, 'चार दिवसांत रमला.' असे सहा आठवडे गेले. मग एकदा त्याची आई बोलता बोलता म्हणाली, 'बाई, घरी आला की आधी मुतायला पळतो. तिथं जात न्हाई का?' मी आठवून पाहिलं. सहा आठवड्यांत तो एकदाही बाहेर गेला नव्हता. चार तास अंग आवळून बसत होता. आणि दुसरी गोष्ट आठवली तेव्हा माझ्याच अंगाला कापरं भरलं. सहा आठवड्यांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

नाही, एकदा ऐकला होता. दुसऱ्याच दिवशी. कुणीतरी त्याच्या हातातला चेंडू ओढला, तेव्हा तो रडत रडत ओरडला होता, 'मपला हाय!' आमच्याकडे माझ्याला 'मपला' म्हणतात आणि तुझ्याला 'तुपला'. माझ्या आजीच्या तोंडीही तेच होतं. पण मी शिकलेली बाई. मी हसून, डोक्यावरून हात फिरवत, अगदी प्रेमाने म्हणाले होते, 'मपला नाही रे राजा, माझा म्हणायचं.' चेंडू त्याला परत दिला. शब्द मात्र काढून घेतला.

परक्या जागी पाय रोवायचा तर मुलाला पहिला शब्द लागतो तो 'माझं'. माझी वाटी, माझी जागा, माझ्या बाई. नेमका तोच शब्द इथे चालत नाही, असं मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. मग बाकीचे शब्द त्याने कशाला काढावेत?

आईशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वाट्या मांडताना मी त्याच्याजवळ गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, 'तुपली वाटी कुठाय रे?' त्याने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस तो माझ्या साडीकडे, हाताकडे, खडूकडे बघत होता. तोंडाकडे त्याने पहिल्यांदा पाहिलं. काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी मी मुद्दाम भलतीच वाटी पुढे केली. 'ही तुपली ना?'

'मपली न्हाई ती,' तो म्हणाला. 'मपलीला पोचा हाय.'

वाटीला खरंच पोचा होता. सहा आठवडे तो ती वाटी ओळखून होता.

त्याची आई रोज विचारायची, 'बाई, धरलं का आमचं रोप?' हा प्रश्न तिचा, शेतातला. टोमॅटोचं रोप वाफ्यातून उपटून सरीला लावलं की दोन दिवस मान टाकतं. कुणी त्याला नावं ठेवत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं पाणी देतात, मग ते हळूहळू उभं राहतं. धरलं की नाही हे बघायला कुणी रोप उपटून मुळं तपासत नाही. नवा फुटवा आला की समजतं. तिला हे मी सांगायला नको होतं, तीच मला सांगत होती. मान टाकलेल्या रोपाला ती भ्यायली नव्हती. मीच जे रोप मान ताठ ठेवून आतून सुकत होतं त्याला 'धरलं' म्हणून बसले होते.

पुढे मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी पुन्हा वाचलं. प्रशिक्षणात ही नावं परीक्षेपुरती पाठ केली होती. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिरात काम करून आलेल्या, मॉन्टेसरीबाईंची पद्धत मुळातून समजून घेतलेल्या. त्यांनी शहरातल्या मुलांसाठी पुष्कळ केलं आणि 1945 मध्ये बोर्डी या गावी गेल्या. अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीतल्या गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीच्या खोलीपर्यंत येईनात, तेव्हा या बाया खोली सोडून मुलांच्या अंगणात गेल्या. तिथेच बसायचं, तिथेच नखं कापायची, गाणी म्हणायची, समोरच आई भात कांडतेय. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेलं तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणाले. मुलांना हाताळायला महागडी साधनं आणली नाहीत; बिया, शिंपले, पानं, माती जे आजूबाजूला होतं ते घेतलं.

1975 च्या 2 ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द सगळ्या देशाने उचलला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या खोलीच्या दारावरची पाटी पाहिली आणि हसू आलं. पाटीवर अंगणवाडी, आणि आत दाराला कडी. नाव अंगणाचं राहिलं होतं, अंगण गेलं होतं. अंगणात मुलाला आईपासून तुटावं लागत नव्हतं. शाळाच परकी होऊन त्याच्याकडे येत होती आणि तिलाच रमायला वेळ लागत होता. त्या दिवसापासून मी दार लावायचं सोडलं. दोन्ही फळ्यांना दगड लावून ठेवले. मावशी म्हणाल्या, 'पळून जातील.' पहिल्या आठवड्यात दोघं पळालीही, मारुतीच्या पारापर्यंत. मावशींनी आणली. मग कुणी पळालं नाही. उघड्या दाराकडे टक लावून बसायला मुलांना फारसं कारण उरत नाही.

एकदा मूल वळलं की त्याचं शिकणं बघत राहावं. ते आपण शिकवतो त्या क्रमाने क्वचितच येतं. एका मुलीला शंभरपर्यंत अंक म्हणता येत होते, तिच्या बापाला त्याचा फार अभिमान. तिला वाट्या मांडायला सांगितल्या तेव्हा तिने नऊ मुलांत सहाच मांडल्या आणि बाकीच्यांकडे नवलाने पाहत राहिली. अंक तिच्या जिभेवर होते, बोटांत उतरले नव्हते. पुढे महिनाभर वाट्या तिनेच मांडल्या. एका मुलासमोर एक वाटी, एका वाटीजवळ एक पाणी प्यायचं भांडं. कमी पडली की ज्याला मिळाली नाही तो ओरडायचा, म्हणजे उत्तर चुकलं. माझ्या लाल शाईची गरज नव्हती. चिंचोके मोजायचे, गजगे वेगळे काढायचे, काळे एकीकडे, पांढरे एकीकडे. बेरीज हा शब्द वर्षभरात कुणी उच्चारला नाही, बेरजा मात्र रोज झाल्या.

अक्षरांचं तर वेगळंच. आया पाटी घेऊन यायच्या, 'बाई, हा तीन उलटा काढतो, डोक्यात काही कमी हाय का?' मी त्यांना कप दाखवायचे. कपाचा कान उजवीकडे केला तरी कप, डावीकडे केला तरी कप. बैल इकडून जाताना बैल, तिकडून येतानाही बैल. तीन वर्षं मुलाला जगाने हेच शिकवलेलं असतं, की वस्तू कुठल्याही बाजूला तोंड करो, वस्तू तीच. आणि आता एकदम आपण सांगतो की ३ ने तोंड फिरवलं की तो ३ राहत नाही, ६ होतो. मोठ्या माणसांनी या दोघांच्या पाठीला पाठ लावून छत्तीसचा आकडा केला आणि त्यावरून भांडणं ओळखली. मुलाच्या लेखी ते एकाच घरातले दोघे, एक आत येतोय, एक बाहेर चाललाय. त्याला थोडा वेळ द्यावा. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचा तीन आपोआप तोंड सरळ करतो.

हे सगळं सांगताना मला जाणवतं की आता फाट्यावर तोडणीच्या गाडीबरोबर पिवळी बसही उभी असते. आमच्या गावातली तीन वर्षांची मुलं दहा-बारा किलोमीटरवर जातात, गळ्यात टाय, दप्तरात लिहायचा अभ्यास. बसमध्ये बसवताना अजूनही काऊ दाखवतात. बसला तर दारही आपोआप लागणारं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा या वर्षांना शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात जागा दिली, खेळातून शिकण्याचा आग्रह धरला, पहिलीसाठी सहा वर्षं पुरी असावीत असं म्हटलं. ताराबाई-अनुताईंना जे अंगणात बसून कळलं होतं ते कागदावर यायला इतकी वर्षं लागली. आता कागदावरून खाली उतरायला किती लागतील, ते पालकांवर आहे. शाळेला 'लिहायला कधी लावणार' असं विचारणारे आपणच असतो.

त्या माळावरच्या मुलाचं राहिलं. श्रावण संपत आला होता. पाऊस होता, पण उजेडाचा. आम्ही मातीचे बैल करत होतो, पोळा जवळ आला होता. त्याची आई त्या दिवशी लवकर सुटली होती. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ती दारात आली. मी तिला पाहिलं आणि हाक मारणार तोच तिने हाताने थांबवलं. तिचा मुलगा दाराकडे पाठ करून बसला होता. शेजारच्या पोरीच्या बैलाला शिंगं लावत होता आणि मोठ्या आवाजात तिच्याशी भांडत होता, 'तुपला बैल आंधळा हाय, डोळं कर त्याला.' आई ओली, तशीच उभी राहिली. जूनमध्ये ज्याच्यासाठी ती वळणावर थांबून रडली होती, तो आता तिच्याकडे बघत नव्हता. तिला आनंद झाला की वाईट वाटलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. बैलाला डोळे होईपर्यंत ती थांबली.

तुमचं लेकरू या जूनमध्ये शाळेत जाणार असेल तर एवढंच करा. त्याला सांगून जा, आणि सांगितलं तेव्हा या. घरी आल्यावर 'आज काय शिकवलं' असं विचारू नका, 'आज कोणाशेजारी बसलास' असं विचारा. त्याच्या घरच्या बोलीला शाळेत कुणी हसत असेल तर ते आधी थांबवा, बाकीचं नंतर बघा. आणि न्यायला जाल तेव्हा हाक मारण्याआधी घटकाभर दारात उभे राहा. लेकरू कुणीकडे तोंड करून बसलंय, ते नुसतं बघा.